रोगाची ओळ

कागलच्या अलीकडं, हायवेच्या उताराला
आमचे दोन एकर.
तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला पत्र्याची खोली,
एक वजनकाटा, एक फ्रीज आणि पाटी :
सोयाबीन, तांबेरा प्रतिकार, कालावधी तीन वर्षे.
त्यातला 'तीन' पावसानं गेलाय.

दर आठ ओळींमागं एक ओळ रोगाची.
तांबेऱ्याला जी सगळ्यात आधी बळी पडते
ती जात मुद्दाम पेरायची,
म्हणजे रोग तिच्यावर उतरेल,
तिथून डाव्या-उजव्या हाताला पसरेल
आणि टिकतं कोण ते आम्हाला कळेल.

बायाक्का मगदूमनं पहिल्याच वर्षी विचारलं,
"हिला औषध न्हाई मारायचं?"
नाही.
"खत?"
ते घालायचं.
"म्हंजे खाऊपिऊ घालून आजारी पाडायची."
मी वहीत तारीख लिहिली.

ऑगस्टात सकाळी सहाला चिमटे घेऊन बसायचो.
सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं,
उमलायच्या आधीच स्वतःशी लग्न लावून मोकळं होतं.
त्याला त्याआधी गाठायचं.
बायाक्काचे हात काचोळीला हूक लावावा तसे :
पाकळ्या, मग दहा पुंकेसर,
मग जांभळ्या फुलाचा पराग, मग दोरा.
शंभर फुलांमागं शेंगा धरायच्या नऊ.
पुढच्या जूनमध्ये रोपाचा देठ जांभळा निघाला तर संकर खरा.
हिरवा निघाला तर बायाक्का म्हणायची,
"हिनं एकटीनंच संसार केला."

हिशेबाच्या फॉर्मात चार रकाने :
मजुरी, उपकरणे, प्रवास, किरकोळ.
चिमटे उपकरणांत बसले.
गौरी जेवायच्या दिवशी ती न बोलावता आली,
आदल्या सांजेला पानाखाली पहिला ठिपका दिसला होता म्हणून,
ते कुठंच बसलं नाही.

दिल्लीहून समिती आली.
हिरव्या ओळींत उभं राहून फोटो काढले.
एकानं बुटाचं टोक रोगाच्या ओळीकडं करून विचारलं,
हिच्याकडं दुर्लक्ष झालंय का?
नेर्लेकर सर समजावत राहिले.
चहावर साय धरली.

दुसऱ्या सप्टेंबरात त्याच ओळीत,
विटकरी, गळालेल्या पानांत
एक झाड हिरवं.
सर म्हणाले, भेसळीचं बी असेल.
बायाक्कानं तोवर त्याला दोरा बांधला होता.
एकतीस दाणे. पाकिटावर नंबर नाही,
मी पेन्सिलीनं 'बा' लिहिलं.

तिसऱ्या वर्षी अर्धे पेरले, अर्धे ठेवले.
आणि त्यांच्यावरही तांबेरा आला.
मी वहीत नऊपैकी सात गुण दिले,
म्हणजे रोग सात, आणि पान उलटणार होते.
ती बांधावरून म्हणाली,
"आठ दिस उशिरा आला की."
मी तारखा परत मोजल्या. आठ.
आठ दिवसांत शेंग भरते का,
हे विचारायला चौथं वर्ष लागलं असतं.

एकतीस मार्चला मी उपयोगिता प्रमाणपत्र भरलं.
निधी मंजूर उद्दिष्टासाठीच खर्च झाला,
खाली सही, वर शिक्का.
शिल्लक : तीनशे बारा रुपये, परत.
फ्रीज बंद करून दार उघडं ठेवलं, बुरशी धरू नये म्हणून.
पाकीट कुठं ठेवायचं ते कुणीच सांगितलं नाही.

जूनच्या अठराला फोन आला.
मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती.
"बाई, परड्यात टोकलंय. आठ वळी न्हाईत, तीनच झाल्यात.
ह्यात रोगाची कुठं धरू?"

मी खिडकीशी गेले,
जणू तिथून तिचं परडं दिसणार होतं.
मधली, म्हणाले.
मग म्हणाले, थांब.